फादर थॉमस स्टीफन्स : जुना शब्द, नवा परलोक

फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र येथे आपण त्यांच्या शब्दयोजनेच्या अंगाने पाहणार आहोत. १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यात आले. १६१९ मधील मृत्यूपर्यंत त्यांचे कार्य मुख्यतः साष्टी भागात चालले. तेथील नवख्रिस्ती समाज पुराणश्रवणात वाढलेला होता. धर्मांतरानंतर ती पुराणे सुटली, पण त्यांची जागा रिकामीच राहिली. ती भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले.

त्यांच्यापुढील पेच आपण लक्षात घ्यावा. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मनुष्याला जन्म एकच असतो. मृत्यूनंतर आत्म्याचा न्याय होतो आणि अंतिम दिवशी मृत माणसे देहासह पुन्हा उठतात. श्रोत्यांच्या मनात मात्र पुनर्जन्माची कल्पना पिढ्यानपिढ्या रुजलेली होती. तरीही स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ आणि तारणासाठी ‘मुक्ती’ हे परिचित शब्दच स्वीकारले. मात्र त्यांच्या काव्यात मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका नव्हे, तर पापापासून सुटका होय.

जुन्या शब्दाबरोबर जुना अर्थही मनात टिकून राहण्याचा धोका यात होताच. परंतु आप्ताच्या मृत्यूने शोकाकुल झालेल्या माणसाला परक्या शब्दातील स्वर्गाने कितपत धीर दिला असता? या प्रश्नाचा आपण स्वतः विचार करावा.