विश्लेषण : सायकलच्या ब्रेक केबलवरचे ‘बोडेन’ नाव नेमके कोणाचे?

ब्रेकची तार ज्या नळीतून जाते तिच्यासह त्या केबलला जगभर ‘बोडेन केबल’ म्हणतात. रॅले सायकल कंपनी उभी करणारे सर फ्रँक बोडेन यांनी ती शोधली, असे आजही अनेक ठिकाणी वाचायला मिळते. पण ते खरे नाही. फ्रँक बोडेन यांचे खरे श्रेय काय, आणि झिजलेल्या केबलशी त्याचा संबंध काय?

फ्रँक बोडेन कोण होते?

फ्रँक बोडेन यांचा जन्म १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी ते हाँगकाँगला गेले आणि तेथे त्यांनी भरपूर पैसा कमावला. मात्र पुढे प्रकृती ढासळली. डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवण्याचा सल्ला दिला आणि त्यातून ते बरे झाले, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. त्यांना भावलेली सायकल नॉटिंगहॅम शहरातील रॅले स्ट्रीटवरच्या एका लहानशा कारखान्यात बनत होती. वुडहेड, अँगोई आणि एलिस हे तिघे तो चालवत. आठवड्याला जेमतेम तीन सायकली तयार होत.

बोडेन यांनी १८८७ मध्ये त्यात रस घेतला आणि पुढच्याच वर्षी रॅले सायकल कंपनी स्थापन केली. ते मूळचे कारागीर नव्हते. चांगली वस्तू ओळखणे, तिच्यात पैसा घालणे आणि ती लोकांपर्यंत नेणे हे त्यांचे बळ होते. अमेरिकी शर्यतपटू आर्थर झिमरमन रॅले सायकलवरून शर्यती जिंकू लागला, तेव्हा त्याचा जाहिरातीसाठी पुरेपूर उपयोग करण्यात आला. काही वर्षांतच रॅलेची गणना मोठ्या सायकल उत्पादकांत होऊ लागली.

मग केबल कोणी शोधली?

अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांनी. १८६० मध्ये जन्मलेले हे मूळचे आयरिश गृहस्थ लंडनमध्ये राहत. त्यांच्या केबलचे पेटंट १८९६ चे. त्यांचे आणि फ्रँक यांचे जवळचे नाते असल्याची नोंद नाही.

१९०० मध्ये अर्नेस्ट यांनी रॅले कंपनीला ही केबल वापरण्याचा परवाना दिला. आडनाव एकच, त्यात रॅलेचा दबदबा मोठा. त्यामुळे शोधाचे श्रेय हळूहळू फ्रँक यांच्या खात्यावर जमा झाले. अर्नेस्ट १९०४ मध्ये वारले. आपल्या केबलचा पुढचा प्रसार पाहायला ते राहिले नाहीत.

या शोधात विशेष काय होते?

तार ओढून वस्तू हलवणे जुनेच होते. पण तार सरळ रेषेत ओढावी लागे. वळण आले की कप्पी लावावी लागे. अर्नेस्ट यांनी तार एका लवचीक नळीत घातली. ही नळी घट्ट गुंडाळलेल्या कडक तारेची असून तिची दोन्ही टोके पक्की टेकलेली असतात. आतली तार जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने नळी दाबली जाते. नळी दबत नाही, म्हणून हाताचा जोर वळणे घेत ब्रेकपर्यंत पोहोचतो. म्हणजे नळी हे तारेचे नुसते कव्हर नाही. निम्मे काम तीच करते.

फ्रँक यांचे श्रेय कोणते?

केबलचे मोल त्यांच्या कंपनीने लवकर ओळखले. रॅलेने केबलचा ब्रेक देऊ केलाच. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या स्टर्मी-आर्चर या तीन गिअरच्या यंत्रणेमागेही फ्रँक बोडेन यांचेच पाठबळ होते. १९१५ मध्ये त्यांना ‘बॅरोनेट’ किताब मिळाला. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कंपनीची सूत्रे मुलगा हॅरॉल्ड यांच्याकडे गेली.

गंमत अशी, की भारतात रॅले म्हटले की आठवते ती सळईच्या ब्रेकची काळी, दणकट सायकल. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. सळईचा ब्रेक वर्षानुवर्षे टिकतो, पण सळई हवी तशी वाकत नाही. खाली वळलेल्या हँडलच्या रोड बाइकला म्हणूनच केबल लागते.

नळी झिजली की काय होते?

ब्रेक जड लागतो, लिव्हर सोडल्यावर हळू परततो किंवा दाबताना स्पंजासारखा वाटतो. बाहेरचे प्लास्टिक तडकलेले, टोकाशी गुंडाळी उसवलेली किंवा गंज दिसतो. रोड बाइकमध्ये नळीचा काही भाग हँडलच्या पट्टीखाली दडलेला असतो, त्यामुळे दोष उशिरा लक्षात येतो. दुकानात अनेकदा फक्त आतली तार बदलली जाते. पण नळीच दबत असेल तर नवी तारही उपयोगाची नाही.

काय करावे?

तार आणि नळी दोन्ही एकत्र बदलावीत. नळी ब्रेकचीच घ्यावी. अनेक गिअर-नळ्यांत तारा लांबीच्या दिशेने असतात. जोरात ब्रेक दाबल्यावर अशी नळी फाटू शकते आणि ब्रेक निकामी होतो. नळी केबल-कटरने कापावी, टोक कानशीने सपाट करावे, आतले चेपलेले तोंड टोच्याने मोकळे करावे आणि गरज असेल तेथे टोपी बसवावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे. शेवटी लिव्हर अनेकदा जोरात दाबून तार पुन्हा ताणून घ्यावी. त्यानंतरच सायकल उतारावर न्यावी.