ॲलन ट्युरिंग : यंत्राची मर्यादा ओळखणारा माणूस

प्रोग्रॅम स्कॅनरला दिला आणि ‘एकही दोष नाही’ असं आलं की आपण खूश! पण सगळे दोष हमखास पकडणारा स्कॅनर बनूच शकत नाही. याचं मूळ ॲलन ट्युरिंगच्या कामात आहे.

ट्युरिंग २३ जून १९१२ ला लंडनमध्ये जन्मला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. केंब्रिजला असताना, १९३६ साली, त्याने सिद्ध केलं की कोणताही प्रोग्रॅम थांबेल की फिरतच राहील, हे दरवेळी अचूक सांगणारी पद्धत असू शकत नाही.

म्हणून तो हात जोडून बसला का? मुळीच नाही! महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्रात एक दोष होता. त्यात कुठलंही अक्षर बदलून पुन्हा तेच येत नसे. पोलिश गणितज्ञांनी एनिग्मा आधीच फोडलं होतं. ट्युरिंगने ब्लेचली पार्कमध्ये ‘बॉम्ब’ हे यंत्र रचलं. ते चुकीच्या जुळण्या भराभर बाद करायचं. दोष शत्रूला सापडला, मग जर्मनांना कळवणार कोण?

१९४९ मध्ये त्याने प्रोग्रॅम टप्प्याटप्प्याने तपासायची रीतही मांडली.

समलैंगिक संबंधांबद्दल १९५२ साली ब्रिटिश कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. ७ जून १९५४ ला, अवघ्या ४१ व्या वर्षी, तो गेला. शाही माफी मिळाली थेट २०१३ मध्ये!

तेव्हा स्कॅनर जरूर चालवा. सापडलेला दोष ज्याचा प्रोग्रॅम त्याला लगेच कळवा. आणि स्कॅनर गप्प राहिला, तरी कोड एकदा स्वतः वाचाच.