सनद आणि संत : आविलाच्या तेरेसाचे चरित्र

न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत आणि युरोपातील अनेक ग्रंथालयांत स्पेनमधील काही विलक्षण हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. पाने कमावलेल्या कातड्याची, बांधणी चामड्याची किंवा मखमलीची. पहिल्या पानावर राजाच्या नावामागचे ‘डॉन’ हे बिरुद, आणि त्याचे आद्याक्षर सोन्याच्या वर्खाने मढवलेले. कुठे बालयेशूला घेऊन बसलेली मेरी आणि तिच्यापुढे सहकुटुंब गुडघे टेकलेला एक गृहस्थ, कुठे पांढऱ्या घोड्यावर स्वार झालेला संत सान्तियागो, कुठे घराण्याचे मानचिन्ह असलेली ढाल. शेवटी रंगीत रेशमी दोऱ्याला अडकवलेली राजाची शिशाची मोहोर. पाहणाऱ्याला वाटावे, ही प्रार्थनेची पोथीच असावी. प्रत्यक्षात तो न्यायालयाचा निवाडा असतो. ‘कार्ता एहेकुतोरिया दे हिदाल्गिया’ असे त्याचे नाव. आपल्या भाषेत त्याला कुलीनतेची सनद म्हणता येईल.

या सनदेला एवढे मोल का होते? त्या काळच्या कास्तील राज्यात समाजाचे दोन ढोबळ भाग होते. एक कर भरणाऱ्यांचा आणि दुसरा करमुक्त कुलीनांचा, म्हणजे हिदाल्गोंचा. ज्या डॉन किहोतेची कथा आपण वाचतो, तोही असाच एक गरीब हिदाल्गो. हिदाल्गोला सामान्य कर द्यावा लागत नसे आणि कर्जापायी तुरुंगात जावे लागत नसे. त्यामुळे आपण हिदाल्गो आहोत असे सांगणारे पुष्कळ, आणि ते नाकारणाऱ्या ग्रामसभाही पुष्कळ. एखाद्याने कर नाकारला की गावचे अधिकारी त्याची चीजवस्तू जप्त करीत. मग तो वायादोलिद किंवा ग्रानादा येथील राजाच्या वरिष्ठ न्यायालयात दाद मागे. आपण, आपला बाप आणि आपला आजा अशा तीन पिढ्यांची कुलीनता त्याला साक्षीदार आणून सिद्ध करावी लागे. राजाचा वकील विरुद्ध बाजूने उभा राही. दावा वर्षानुवर्षे चाले. जिंकणाऱ्याला राजाच्या नावाने सनद मिळे. तिच्यावरचे सोने आणि रंग मात्र ज्याच्या त्याच्या खर्चाने चढत.

अशीच एक सनद १५२३ मध्ये आविला नगरातील चार भावांना मिळाली. त्यांपैकी आलोन्सो सांचेझ दे सेपेदा याच्या घरी तेव्हा आठ वर्षांची एक मुलगी होती. पुढे जग तिला संत तेरेसा म्हणून ओळखू लागले.

तेरेसाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी झाला. आलोन्सोची पहिली पत्नी वारली होती. बेआत्रिझ दे आहुमादा ही दुसरी. दोन्ही मिळून घरात बारा मुले. आईला शूरवीरांच्या अद्भुत कादंबऱ्यांचे वेड, आणि ते मुलीलाही लागले. सातव्या वर्षाच्या सुमारास ती रोद्रिगो या भावाचा हात धरून घरातून निघाली. मूरांच्या मुलखात जाऊन धर्मासाठी मरण पत्करायचे, म्हणजे थेट स्वर्ग मिळेल, असा त्या दोघांचा बेत होता. वाटेत चुलत्याने गाठले आणि हुतात्म्यांना कान धरून घरी आणले. आई १५२८ मध्ये वारली, तेव्हा तेरेसा तेरा वर्षांची होती.

या सुखवस्तू घराच्या पायाखाली एक जुनी गोष्ट पुरलेली होती. आजोबा हुआन सांचेझ हे टोलेडोचे कापडाचे व्यापारी होते, आणि ते जन्माने ज्यू वंशाचे होते. १३९१ च्या दंगलींपासून स्पेनमधील हजारो ज्यूंनी भीतीपोटी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांना व त्यांच्या वंशजांना ‘कॉन्व्हेर्सो’ म्हणत. हे लोक घरात गुपचूप जुना धर्म पाळतात, या संशयावरून त्यांच्यामागे इन्क्विझिशन लागले. गोव्यात १५६० मध्ये पोर्तुगीजांनी ज्या धर्मन्यायालयाची स्थापना केली, त्याचाच हा थोरला स्पॅनिश भाऊ. १४८५ मध्ये हे न्यायालय टोलेडोत आले आणि आपण होऊन चूक कबूल करणाऱ्यांना सौम्य शिक्षेचे आश्वासन देण्यात आले. हुआन सांचेझांनी कबुली दिली. शिक्षा अशी झाली की, सात शुक्रवार अंगावर क्रूसाचे चिन्ह असलेला ‘सांबेनितो’ हा लज्जेचा झगा घालून मिरवणुकीने शहरातील चर्चमधून फिरायचे. मुलांनाही हे प्रायश्चित्त चुकले नाही. त्यांत लहानगा आलोन्सोही होता, असे अभ्यासक मानतात.

नंतर हे कुटुंब आविलाला आले. तेथे कापडाचे दुकान चांगले चालले. मुलांची लग्ने जुन्या ख्रिस्ती कुलीन घराण्यांत झाली. मुलांनी हळूहळू व्यापार सोडला, घोडे बाळगले आणि सरदारी थाटाने राहू लागले. आलोन्सो १५१२ च्या नावार्राच्या लढाईलाही जाऊन आला. १५१९ मध्ये आविलाजवळच्या एका खेड्याने त्यांच्याकडे कर मागितला. रक्कम किरकोळ होती. पण ती भरणे म्हणजे आपण हिदाल्गो नाही हे मान्य करणे. भावांनी नकार दिला आणि प्रकरण वायादोलिदला गेले.

तेथे पुरलेले सारे वर आले. टोलेडोच्या इन्क्विझिशनकडील नोंद दाव्यात दाखल झाली. आजोबांच्या झग्याची हकीकत साक्षींतून निघाली. तरीही भाऊ जिंकले. एक तर कायद्याच्या दृष्टीने करमुक्त कुलीनता आणि रक्ताची ‘शुद्धता’ या दोन वेगळ्या बाबी होत्या. दुसरे असे की, आविलात त्यांचे सोयरे वजनदार होते आणि साक्षीदार अनुकूल मिळाले. सनद झाली. पण सनद मिळवण्यासाठी जी दप्तरे तयार झाली, त्यांतच सनदेला न शोभणारे सत्यही शिवले गेले. सनद लोकांना दाखवण्यासाठी होती. दप्तर न्यायालयाच्या कपाटात गेले आणि चारशे वर्षांहून अधिक काळ तेथेच पडून राहिले.

घरातील ही चार वर्षांची धावपळ, साक्षीदारांची ये-जा आणि बापाची काळजी चाणाक्ष तेरेसाच्या कानांवर गेलीच नसेल, असे मानणे कठीण आहे. सनदेने घराची प्रतिष्ठा टिकली, पण पैसा टिकला नाही. व्यापार हिदाल्गोला शोभत नाही आणि थाट तर सोडवत नाही. १५४३ मध्ये आलोन्सो वारला, तेव्हा मागे इस्टेटीपेक्षा कर्ज अधिक निघाले. भाऊ एकामागून एक नशीब काढायला अमेरिकेच्या वाटेला लागले.

तेरेसाने १५३५ मध्ये आविलाच्या एन्कार्नासिओन या कार्मेलाइट मठात प्रवेश केला होता. मठात शंभराहून अधिक जोगिणी होत्या, पण बाहेरचा समाज भिंतीच्या आतही जसाच्या तसा उभा होता. मोठ्या घरच्या मुलींना ‘दोन्या’ म्हणून मानाने हाक मारीत. त्यांना स्वतंत्र खोल्या आणि दिमतीला नोकराणी असे. गरीब घरच्या मुली सामाईक दालनात झोपत. तेरेसाही येथे ‘दोन्या तेरेसा दे आहुमादा’ होती. नावात आईचे कुलीन आडनाव होते आणि आजोबांचे सांचेझ नव्हते. १५३९ मध्ये ती इतकी आजारी पडली की चार दिवस बेशुद्ध होती आणि तिच्यासाठी कबरही खणून तयार होती. त्यानंतर सुमारे तीन वर्षे अंगात हालचालीचे बळ नव्हते. पुढची कित्येक वर्षे प्रार्थना आणि दिवाणखान्यातील गप्पागोष्टी यांच्या ओढाताणीत गेली. १५५४ मध्ये जखमी ख्रिस्ताची एक मूर्ती पाहून तिला रडू कोसळले आणि ही ओढाताण संपली. वय एकोणचाळीस होते. खरे आयुष्य येथून सुरू झाले.

२४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने आविलात सान होसे हा छोटा मठ उघडला. आरंभी चारच मुली होत्या. मठाला ठरलेले उत्पन्न नाही, हुंडा नसलेल्या मुलीलाही दार बंद नाही, ‘दोन्या’ हे बिरुद कोणालाच नाही. नगरसभा इतकी खवळली की तिने मठावर दावा लावला. तेरेसाने स्वतःचे नावही बदलले. आहुमादा गेले, सेपेदा गेले, आणि उरली ती येशूची तेरेसा. आपल्या मुलींसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात तिने सांगून ठेवले की, जिचा बाप मोठा तिने त्याचे नाव सर्वांत कमी घ्यावे.

हे त्या काळात किती धाडसाचे होते, ते लक्षात घेतले पाहिजे. १५४७ मध्ये टोलेडोच्या कॅथीड्रलने ज्यू वंशाच्या माणसाला आपल्याकडे पद न देण्याचा नियम केला होता. अनेक संस्था आणि धर्मसंघ त्याच वाटेने चालले होते. अशा वेळी तेरेसाच्या मठांत प्रवेशासाठी मुलीची बुद्धी, प्रकृती आणि तळमळ पाहिली जाई. तिच्या रक्ताची चौकशी नियमांत नव्हती.

१५६९ मध्ये ती टोलेडोला मठ स्थापायला गेली. ज्या गल्ल्यांतून आजोबा झगा घालून चालले होते, त्याच गावात नात आली होती, आणि हातात होती तीनचार मोहरा एवढी पुंजी. त्यांतून दोन चित्रे, गवताच्या दोन गाद्या आणि एक घोंगडी घेऊन मठ सुरू झाला. मार्तीन रामीरेझ या व्यापाऱ्याच्या वारसांनी मोठी देणगी देऊ केली, पण चर्चमधील मुख्य जागेचा मान त्या घराण्याला हवा होता. कुलीन मंडळींनी नाके मुरडली. व्यापाऱ्याला असा मान कसा द्यायचा? तेरेसाही क्षणभर डगमगली आणि ते तिने प्रांजळपणे नोंदवून ठेवले आहे. देवापुढे या वंशांची किंमत शून्य आहे, असा तिला आतून कौल मिळाला आणि मान व्यापाऱ्याला दिला गेला.

पुढच्या वर्षांत झाकलेल्या बैलगाड्यांतून, चिखलातून आणि उन्हातून ती कास्तीलपासून आंदालुसियापर्यंत फिरली. एकूण सतरा मठ उभे राहिले. तिच्या आत्मचरित्राविरुद्ध इन्क्विझिशनकडे तक्रार गेली आणि हस्तलिखित त्या न्यायालयाच्या ताब्यात गेले. जिच्या आजोबांना त्या न्यायालयाने झगा घातला, तिला त्याची भीती काय असते हे सांगायला नको होते. तरी तिची लेखणी थांबली नाही. तिचा सहकारी हेरोनिमो ग्रासिआन याने एकदा आविलात तिच्या थोर घराण्याची स्तुती सुरू केली, तेव्हा ती रागावली. हलक्या कुळात जन्म झाल्यापेक्षा हातून एक लहानसे पाप घडल्याची लाज आपल्याला अधिक वाटते, अशा अर्थाचे तिने त्याला सुनावले. ही आठवण ग्रासिआननेच लिहून ठेवली आहे.

४ ऑक्टोबर १५८२ रोजी आल्बा दे तोर्मेस येथे तिचे निधन झाले. त्याच रात्री पंचांग बदलले आणि दुसरा दिवस १५ ऑक्टोबर म्हणून उजाडला. १५८८ मध्ये लुइस दे लेओन या कवी-पंडिताने तिचे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. तोही कॉन्व्हेर्सो वंशाचा होता, आणि इन्क्विझिशनच्या कोठडीत जवळजवळ पाच वर्षे काढून आलेला होता.

तेरेसा गेली आणि तिने टाकून दिलेली सनद इतरांनी उचलली. थोड्याच वर्षांत तिच्या संघाने रक्तशुद्धीचा नियम स्वीकारला. तिला संतपद देण्यासाठी चौकशी झाली, तेव्हा साक्षीदारांनी तिचे कुळ जुने, उच्च आणि निष्कलंक असल्याचे सांगितले. १२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद मिळाले. ज्याचे शरीर जुन्या गोव्यात आहे, त्या फ्रान्सिस झेवियरलाही ते त्याच दिवशी मिळाले. योगायोग असा की, पॅरिसमध्ये शिकत असताना १५३१ मध्ये झेवियरनेही आपल्या कुलीनतेच्या निवाड्यासाठी नावार्रात खटपट सुरू केली होती. १५३६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तोवर त्याने दारिद्र्याचे व्रत घेतलेले होते.

तेरेसाच्या चरित्रकारांनी तीनशे वर्षे कुलीन तेरेसाच रंगवली. १९४६ मध्ये नार्सिसो आलोन्सो कोर्तेस या संशोधकाने वायादोलिदचे ते दप्तर प्रसिद्ध केले आणि आजोबांचा झगा पुन्हा उजेडात आला. काही भाविकांना हा धक्का पचवायला वेळ लागला. पण तेरेसा त्यामुळे लहान झाली नाही. वंशाविषयी तिने जे लिहिले, ते नुसते सुविचार नव्हते. घरात सनद आणण्यासाठी बापाने काय काय केले हे पाहिलेल्या मुलीचे ते शहाणपण होते, हे आता समजू लागले. १९७० मध्ये चर्चने तिला ‘आचार्य’ ही पदवी दिली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

सोनेरी सनदांचे पुढे काय झाले? कित्येक घराण्यांनी त्या विकल्या. व्यापाऱ्यांनी चित्रे कापून वेगळी विकली आणि मजकुराची पाने कुठल्या कुठे गेली. तेरेसाच्या आत्मचरित्राचे मूळ हस्तलिखित मात्र एस्कोरियलच्या राजग्रंथालयात अखंड आहे. दुसऱ्या फिलिप राजाने ते तेथे मागवून घेतले. त्यात सोने नाही, ढाल नाही, मोहोर नाही. घाईघाईने लिहिलेल्या, विरामचिन्हांचीही फारशी फिकीर न केलेल्या ओळी आहेत, आणि त्या लिहिणारीने आपला आजा कोण होता हे त्यांत कुठेही सांगितलेले नाही.