मार्टिनस बायेरिंक : अदृश्य शत्रूचा शोध

जो शत्रू डोळ्यांना दिसत नाहीं, त्याचें अस्तित्व केवळ प्रयोग व बुद्धि ह्यांच्या बळावर सिद्ध करणारे पुरुष जगांत विरळा. हॉलंड देशांतील मार्टिनस बायेरिंक हे अशांपैकीं एक होत.

त्यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजीं ॲम्स्टरडॅम शहरीं झाला. वडील तंबाखूचे व्यापारी होते. परंतु धंदा बुडाला आणि रेल्वेंत कारकुनी पत्करून त्यांना संसार चालवावा लागला. बारा वर्षांचा होईपर्यंत मुलाला त्यांनींच घरीं शिकविलें. पुढें चुलत्यांच्या साहाय्यानें मार्टिनस ह्यांचें डेल्फ्ट येथें शिक्षण झालें आणि १८७७ सालीं लायडन विद्यापीठानें त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. ज्या तंबाखूच्या व्यापारानें घर बसविलें, त्याच तंबाखूनें मुलाला अक्षय कीर्ति द्यावी, असा ईश्वरी संकेत होता.

वाखेनिंगेन येथील कृषिशाळेंत ते शिक्षक असतांना त्यांचे सहकारी आडोल्फ मायर हे तंबाखूच्या एका रोगाचा अभ्यास करीत होते. ह्या रोगांत पानांवर फिके व गडद हिरवे चट्टे उठतात. रोगी पानाचा रस निरोगी झाडांत सोडला कीं तेंही रोगी होई. हें कृत्य कोणत्या तरी जंतूचें असावें असें मायर ह्यांना वाटे. परंतु बायेरिंक ह्यांना सूक्ष्मदर्शकाखालीं तसा जंतु कांहीं सांपडला नाहीं. १८८५ सालीं ते डेल्फ्ट येथील यीस्टच्या कारखान्यांत गेले. तेथें असतांनाच, १८८८ सालीं, द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गांठींतून हवेंतील नायट्रोजन बांधणारे जंतु त्यांनीं वेगळे केले. १८९५ सालीं ते डेल्फ्ट येथें प्राध्यापक झाले, तरी तंबाखूचें कोडें मनांतून गेलें नव्हतें.

त्यांनीं रोगी पानांचा रस चिनी मातीच्या गाळणींतून गाळला. तींतून जंतु पार होत नाहींत. तरीही गाळलेल्या रसानें रोग जडलाच. मग तो रस निव्वळ विष असेल काय? तसेंही नव्हतें, कारण विष झाडामागून झाड वाटलें असतां पातळ होत जातें. येथें एका झाडाचा रस दुसऱ्यास, दुसऱ्याचा तिसऱ्यास दिला, तरी त्याचें बळ घटेना. अर्थात् तो पदार्थ वाढत होता. परंतु केवळ जिवंत, वाढत्या पेशींतच. हा सजीव संसर्गजन्य द्रव आहे, असें त्यांनीं १८९८ सालीं जाहीर केलें व त्यास व्हायरस हें नांव दिलें. अनेक पंडितांना तें पटलें नाहीं.

इतक्यांत कळलें कीं, रशियांतील इव्हानोव्स्की ह्यांनीं १८९२ सालींच गाळणीचा प्रयोग केला होता. बायेरिंक ह्यांनीं तो अग्रमान त्यांचाच असल्याचें उघडपणें मान्य केलें. त्यांचा स्वभाव कडक व जीभ तिखट होती, विद्यार्थी त्यांना भीत. परंतु सत्यापुढें त्यांनीं स्वतःचा अहंकार आड येऊं दिला नाहीं. ते आजन्म अविवाहित राहिले. १९२१ सालीं निवृत्त होऊन ते गोर्सेल गांवीं राहिले व १ जानेवारी १९३१ रोजीं निवर्तले.

पुढें १९३५ सालीं अमेरिकेंतील स्टॅन्ली ह्यांनीं त्या विषाणूचे स्फटिक मिळविले. तो द्रव नसून अतिसूक्ष्म कण आहे, असें ठरलें. गुरूची एक कल्पना चुकली, परंतु मूळ सिद्धांत टिकला.

विषाणूपुढें झाडही निःशस्त्र नसतें. १९२८ सालीं व्हर्जिनियांत विंगार्ड ह्यांनीं पाहिलें कीं, तंबाखूच्या एका विषाणुरोगांत खालचीं पानें रोगानें ग्रासलीं, तरी नंतर फुटलेलीं वरचीं पानें निरोगी दिसतात. ह्याचें मर्म पुष्कळ वर्षांनीं उलगडलें. झाड विषाणूच्या आर. एन. ए. ह्या जनुकद्रव्याचे बारीक तुकडे करतें आणि त्याच तुकड्यांवरून ओळख पटवून उरलेला शत्रू गांठून नष्ट करतें. ह्या क्रियेस जनुक-मौन म्हणतात. असे तुकडे विषाणुग्रस्त वनस्पतींत असतात, हें १९९९ सालीं इंग्लंडांत हॅमिल्टन व बोलकोम ह्यांनीं दाखविलें. विषाणूंना तोंड देणारीं पिकें घडविण्यास ह्या ज्ञानाचा उपयोग झाला आहे.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर न सांपडलेला प्रश्न बायेरिंक ह्यांनीं दहा वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला. आपल्या वहींतील न सुटलेलें गणित खोडून टाकण्यापूर्वीं त्यांचें स्मरण करा.