अजिंठ्याच्या भिंती उतरवून घेणारी बाई

मागे आपल्या सोसायटीची सहल अजिंठ्याला गेली होती. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर पाच मिनिटं उभं राहतो न राहतो, तोच मागच्या ग्रुपची ढकलाढकल सुरू झाली. त्याच अंधारात दोन हिवाळे खपलेल्या एका बाईंबद्दल सांगायचं तेव्हा राहून गेलं.

क्रिस्तियाना हेरिंगहॅम. जन्म १८५२, इंग्लंड. यजमान डॉक्टर. अंड्याच्या बलकात रंग कालवायची जुनी इटालियन रीत मागे पडली होती. त्यावरच्या चेन्निनोच्या ग्रंथाचं बाईंनी १८९९ मध्ये इंग्रजी भाषांतर केलं, तेही स्वतः तसे रंग करून बघत. त्या रीतीच्या चित्रकारांची संस्था १९०१ मध्ये निघाली, त्यातही त्या पुढे होत्या. पुढे भित्तिचित्रकारही त्याच संस्थेत आले.

१९०६ मध्ये त्यांनी अजिंठा पाहिला आणि चैन पडेना. भिंतींवरचे रंग पोपडे होऊन गळत होते. आधी रॉबर्ट गिलने केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनला आगीत गेल्या. ग्रिफिथ्ससाहेब आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केल्या, त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये जळाल्या.

म्हणून १९०९ च्या हिवाळ्यात, सत्तावन्नाव्या वर्षी, बाई परत आल्या. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार. हैदराबादहून सय्यद अहमद, मुहम्मद फजलुद्दीन. सगळी तरणी पोरं. तंबूत मुक्काम, लेण्यात अंधार, वटवाघळं. पुढच्या हिवाळ्यातही तेच.

१९११ मध्ये बाईंचं मन आजारी पडलं, ते कायमचं. १९१५ मध्ये त्या नकलांचं पुस्तक लंडनला निघालं, तेव्हा त्या उपचारगृहातच होत्या. १९२९ मध्ये गेल्या. पण हात घडले होते. नंदलालबाबूंनी पुढे शांतिनिकेतनच्या भिंती रंगवल्या, आणि आपल्या संविधानाची पानं सजवली ती त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी.

हे आत्ता लिहिण्याचं कारण घरचंच आहे. आपल्या मुलांनी कंपाऊंडच्या भिंतीवर काढलेला गोदाघाट यंदाच्या रंगकामात जाणार. ठराव झालाय, भिंतीला ओल आहे, माझी तक्रार नाही. त्यातली एक होडी माझ्या लेकीची; ती आता परदेशी असते. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून एवढंच मागते: रंगारी यायच्या आधी एक रविवार द्या. ट्रेसिंग पेपर मी आणते. मुलांनो, तुम्ही फक्त पेन्सिली घेऊन खाली या.