ताराबाई शिंदे : नशिबाला जाब विचारणाऱ्या बुलढाण्याच्या लेखिका

कुणाचं वाईट झालं की आपण चटकन म्हणतो, ‘नशिबात होतं!’ आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना हे उत्तर पटलं नाही.

त्यांचा जन्म 1850 च्या सुमाराचा, मराठा घराण्यातला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद. मुलींना शाळा माहीत नसण्याचा तो काळ. पण वडिलांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. पुढे लग्न झालं, नवरा घरजावई म्हणून आला. मूलबाळ झालं नाही.

1881 मध्ये सुरतेकडे एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने बदनामीच्या भीतीने आपल्या नवजात बाळाला मारलं. तिला फाशी सुनावली गेली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी मग सगळ्या स्त्रीजातीलाच झोडपायला सुरुवात केली.

ताराबाई संतापल्या. 1882 मध्ये पुण्यात त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आलं.

त्यातला मुद्दा नीट समजून घ्या, परीक्षेसाठी नव्हे. नवरा मेला तर ते बायकोचं पाप, तिचं कर्म. म्हणून तिचे केस काढायचे, शुभकार्यात तिला उभं करायचं नाही. मग बायको मेली तर नवऱ्याचं कर्म कुठे जातं? तो तर लगेच दुसरी करून आणतो! मरण देवाच्या हातात, तर शिक्षा बाईला का? आणि विधवेला फसवून नामानिराळा होणारा पुरुष? तिथे देवही नाही, दैवही नाही. ती करणी माणसाची, आणि जाब मात्र एकट्या बाईला. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली. बायकोसाठी कोणता नवरा गेला, हेही त्या विचारतात. नवऱ्याला देव मानायचं असेल तर त्याने देवासारखं वागावं, हा त्यांचा हिशेब सरळ आहे. (भाषा मात्र चांगलीच तिखट, अस्सल घरगुती.)

टीका भरपूर झाली. काही सत्यशोधकांनाही हे रुचलं नाही. जोतीराव मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची पाठराखण केली.

1910 च्या सुमारास त्या वारल्या. त्यांचं दुसरं पुस्तक उपलब्ध नाही. हे एकमेव पुस्तकही विस्मरणात गेलं होतं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून वाचकांसमोर आणलं.