डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड: ट्रान्सजेंडर रुग्णांसाठी दार उघडणारे डॉक्टर

घरातल्या मुलाने आपण मुलगी असल्याचे सांगितले, की आईवडिलांना आधी धास्ती वाटते ती लोक काय म्हणतील याची. डॉक्टरकडे जाणे त्यामुळेच लांबते. तुमच्या घरात असा प्रश्न असेल, तर डॉ. हिर्शफेल्ड यांची गोष्ट जरूर वाचा.

त्यांचा जन्म १८६८ साली, आज पोलंडमध्ये असलेल्या कोलबर्ग गावी, एका ज्यू डॉक्टरांच्या घरी झाला. ते नवे डॉक्टर असताना त्यांच्या एका समलिंगी रुग्णाने, तरुण लष्करी अधिकाऱ्याने, लग्नाच्या तोंडावर आत्महत्या केली. लाज माणसाचा जीव घेऊ शकते, हे त्यांनी तेव्हा पाहिले. पुढचे आयुष्य त्यांनी याच कामाला दिले.

१९१९ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञान संस्था सुरू केली. तिथे तपासणी, सल्ला आणि उपचार एकाच ठिकाणी मिळत. स्त्रीवेशात फिरणाऱ्यांना पोलिसांनी अटक करू नये, म्हणून ते वैद्यकीय दाखला देत. बाहेर काम न मिळणाऱ्या काही ट्रान्स स्त्रियांना त्यांनी संस्थेतच नोकरी दिली. त्यांपैकी डोरा रिश्टर यांच्यावर १९२२ आणि १९३१ मध्ये लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया झाल्या.

१९३१ मध्ये ते व्याख्यानांसाठी चीनला गेले. शांघायमध्ये त्यांना ली शिउ तोंग हा वैद्यकीय विद्यार्थी भेटला. तो त्यांचा शिष्य आणि जोडीदार झाला. त्याच वर्षी दोघे भारतातही आले. मे १९३३ मध्ये नाझींनी संस्था लुटली आणि पुस्तके जाळली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होते. ते मायदेशी परतू शकले नाहीत. १९३५ मध्ये, सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले.

आज लीच्या देशात काय स्थिती आहे? बीजिंगमधील एका मोठ्या रुग्णालयात २०१७ मध्ये ट्रान्सजेंडर रुग्णांसाठी विविध तज्ज्ञांची एकत्रित ओपीडी सुरू झाली. मात्र ओळखपत्रावरील लिंग शस्त्रक्रियेनंतरच बदलता येते, आणि शस्त्रक्रियेआधी जवळच्या नातेवाइकांना कळवल्याचा पुरावा द्यावा लागतो. घरच्यांना सांगण्याचीच भीती असलेल्या मुलीची वाट इथेच अडते. काही जणी मग डॉक्टरांशिवाय, मिळेल तिथून हार्मोनच्या गोळ्या घेतात.

हा धोका कोणत्याही देशात सारखाच आहे. तुम्ही किंवा तुमच्या घरातील कोणी अशा गोळ्या घेत असेल, तर हे लक्षात ठेवा:

- जास्त इस्ट्रोजेन घेतल्याने लवकर परिणाम दिसत नाही, पण रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. धूम्रपानाने तो आणखी वाढतो.
- पुरुषी हार्मोन रोखणाऱ्या काही औषधांनी यकृतावर किंवा रक्तातील पोटॅशियमवर परिणाम होतो. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी हवी.
- एका पायाला सूज व दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, असे झाल्यास ताबडतोब रुग्णालयात जा आणि कोणत्या गोळ्या घेता ते स्पष्ट सांगा.
- जगणे नकोसे वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ती तातडीची बाब आहे.

ट्रान्सजेंडर असणे हा मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच तो त्या यादीतून काढला. आईवडिलांनो, पहिल्या तपासणीला तुम्ही सोबत जा. तुमच्या मुलीला गोळ्या लपवून घ्याव्या लागणार नाहीत.